भोपळ्यात कोण आहे?

माझा साडेचार वर्षांचा लेक खोटं बोलतो तेव्हा त्याचं वाक्य आखूड असतं. "मी नाही खाल्ला गूळ." एवढंच. नजर जमिनीवर, हात पाठीमागे, आणि वाक्य संपलं की तिथून निघून जायची घाई. पण जिन्याखालच्या कोनाड्यात गार्डकाका राहतात हे तो सांगू लागतो, तेव्हा त्याचे डोळे थेट माझ्या डोळ्यांत असतात. गार्डकाकांकडे हिरवा कंदील आहे, लाल कंदिलाची काच फुटली, म्हणून सध्या ते लाल मिरची दाखवून गाडी थांबवतात. मध्येच थांबून तो स्वतःलाच दुरुस्त करतो, "नाही नाही, मिरची फक्त दिवसा. रात्री मिरची दिसत नाही ना." खोटं बोलणाऱ्याला तपशिलांची भीती वाटते. याला ते कितीही असले तरी पुरत नाहीत.

हा फरक मला घरात वावरताना जाणवत होता, पण त्याकडे नीट बघायला लावलं ते शाळेतून आलेल्या वहीतल्या एका ओळीनं. मुलगा वर्गात खोटं सांगतो, घरी समज द्यावी. काय सांगितलं होतं, हे विचारल्यावर कळलं. सुट्टीत कोण कुठे गेलं याच्या गप्पा चालल्या असताना हा उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या गावातून पन्नास वाघिणी नदी घेऊन लातूरला गेल्या. त्यांना आधी वाफेनं आंघोळ घातली होती."

बाईंच्या वर्गात खूप मुलं आहेत. प्रत्येकाच्या नदीमागे जायला त्यांना सवड नसते, हे मला समजतं. पण या वाक्यात खोटं असं काहीच नव्हतं.

आम्ही मिरजेत राहतो. सासरे रेल्वेत गार्ड होते, आणि मालगाडीच्या डब्याला रेल्वेतली जुनी माणसं वाघीणच म्हणतात. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूर शहराच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवलं गेलं. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून आल्या होत्या, आणि पिण्याचं पाणी भरायचं म्हणून तिथल्या कारखान्यात त्या वाफेनं धुऊन काढल्या होत्या. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पाणी आमच्या कृष्णेचं. सासरे तेव्हा निवृत्त झाले होते, तरी पहिली गाडी सुटताना बघायला गेले होते. नातवाला ही हकीकत त्यांनी कितीदा सांगितली असेल, याची गणती नाही, कारण दर वेळी तो नवा प्रश्न काढतो आणि हकीकत पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

"मासे पण गेले का?"

"नाही रे बाबा, पाणी गाळून, शुद्ध करून भरलं होतं."

"मग मासे कुठे राहिले?"

"नदीतच."

"पण नदी तर गाडीत गेली."

सासऱ्यांना हसू आवरत नाही, पण ते हसण्यावारी नेत नाहीत. नदीतलं थोडंच पाणी घेतलं होतं, हे ते घंगाळातून तांब्या काढून दाखवतात. लेक तांब्यात डोकावतो. मासे नाहीत याची खात्री झाल्यावर त्याचं समाधान होतं. पण वाघिणी म्हणजे डबे, हे त्याला आजोबांनी समजावून झालेलं असूनही रात्री त्याच्या चित्रात गाडीच्या पन्नास डब्यांना पट्टे असतात आणि प्रत्येकीला शेपूट. "हे डबेच आहेत," तो मला सांगतो, "पण वाघिणी पण आहेत." दोन्ही गोष्टी एकाच वेळी बाळगण्यात त्याला काही अडचण दिसत नाही.

मी एका वाचनालयात अर्धवेळ काम करते. मुलांच्या कल्पनाशक्तीबद्दल काही हाती लागलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर यांनी मनातले सवंगडी असलेल्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९९९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मुलं खरं आणि मनातलं यांची गल्लत करतात, अशी मोठ्यांना काळजी असते. टेलर यांना मात्र असं दिसलं, की त्या सवंगड्याबद्दल फार बारकाईनं विचारत बसलं तर मुलंच मध्ये थांबून समोरच्या मोठ्या माणसाला समजावतात, की अहो, तो खरा नाही. हे वाचलं आणि मला त्या आठवड्यातलं दुपारचं जेवण आठवलं. मी ताटं घेत होते. लेक म्हणाला, गार्डकाकांनाही वाढ. मी खरोखरच एका वाटीत वरणभात कालवून कोनाड्यात नेऊन ठेवला. तो धावत आला, वाटी उचलून माझ्या हातात दिली आणि फार समजूतदारपणे म्हणाला, "आई, ते खोटं खोटं जेवतात. हा खरा भात आहे, वाया जाईल."

म्हणजे सीमारेषा त्याला पक्की ठाऊक आहे. ती ओलांडायची कधी आणि कुठून, एवढंच तो ठरवत असतो.

आमचं स्वयंपाकघर हे त्याचं जंक्शन. मिरज हे एके काळी तिन्ही रुंदीच्या रुळांचं ठिकाण होतं. पुण्याहून येणारी ब्रॉडगेज, बेळगावकडे जाणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडीमार्गे लातूरला जाणारी बार्शी लाइट, जिचे रूळ जेमतेम अडीच फूट रुंद. आजोबांकडून हे ऐकल्यापासून त्यानंही घरात तीन मार्ग आखले आहेत. फरशीच्या दोन रांगा सोडून एक रूळ तो मोठ्या गाडीचा. एका रांगेचा मधला. आणि ओट्याच्या कडेनं जाणारा अगदी चिंचोळा मार्ग बार्शी लाइटचा, त्यावरून पावलापुढे पाऊल ठेवूनच चालायचं. सासूबाईंच्या जुन्या खणाच्या तुकड्याचा हिरवा झेंडा झाला आहे. कुकरची शिट्टी झाल्याशिवाय कोणतीही गाडी सुटत नाही. मी कधी भात न लावता नुसतं पिठलं-भाकरी करायचं ठरवलं तर वाहतूक खोळंबते.

एकदा मी आमटीचं पातेलं घेऊन ओट्यावरून टेबलाकडे निघाले, तर त्यानं दोन्ही हात आडवे पसरले. "फाटक बंद आहे."

"अरे, पातेलं गरम आहे."

"मालगाडी आहे. वेळ लागेल."

मी पातेलं परत ओट्यावर ठेवलं आणि थांबले. मालगाडी खरंच लांबलचक होती. तो एकेक डबा तोंडानं वाजवत होता, आणि प्रत्येक डब्याचा आवाज वेगळा होता. कोळशाचा जड, रिकाम्याचा खडखडीत, तेलाच्या टाकीचा बुडबुडल्यासारखा. रिकामा आणि भरलेला डबा वेगळा वाजतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. आजोबांबरोबर पुलावर उभं राहून त्यानं ते ऐकलं होतं, आणि ऐकलेलं सांभाळून ठेवलं होतं. इतकी वर्षं याच गावात राहून मला तो फरक कधी ऐकू आला नव्हता. शेवटचा डबा गेल्यावर त्यानं झेंडा गुंडाळला आणि म्हणाला, "आता जा."

त्या दिवसापासून त्याच्या खेळाकडे मी कामासारखं बघू लागले. तो काम करताना मध्येच हाक मारू नये, एवढं तरी मी पाळते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ साली लेनिनग्राडला मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. खेळात मूल मोकाट सुटतं असं आपल्याला वाटतं, पण एरवी कुठेही पाळत नाही इतके कडक नियम ते खेळात आपणहून पाळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उदाहरण दिलंय ते दोन सख्ख्या बहिणींचं. एक पाच वर्षांची, एक सात. दोघींनी ठरवलं, आपण बहिणी-बहिणी खेळू या. रोज बहिणी असताना ज्या गोष्टींकडे त्यांचं लक्षही जात नव्हतं, त्या खेळात त्यांना कराव्या लागतात: सारखे कपडे, सारखं बोलणं, हातात हात.

हे मला पुस्तकातलं म्हणून पटलं असतं, पण आमच्या घरी ते घडलं. पावसाळ्याच्या दिवसांत, लाइट गेलेली असताना तो म्हणाला, "आई, आपण आई-मुलगा खेळू या. तू आई हो. मी मुलगा."

"आणि आत्ता कोण आहोत?"

"आत्ता आपण असंच आहोत."

खेळ सुरू झाला. खेळातला मुलगा बाहेरून आल्यावर न सांगता पाय धुऊन आला. खेळातल्या मुलानं दप्तर खुंटीला लावलं. खेळातल्या आईनं शिरा केला होता, तो त्यानं बोटाला चिकटू न देता खाल्ला, आणि "आई, तू दमलीस का गं?" असं विचारलं. मी खेळातली आई होते, तरी माझ्या घशाशी आलं. मी म्हटलं, "थोडीशी." तर तो म्हणाला, "मग तू आता बस, मी पंखा घालतो," आणि वर्तमानपत्राची घडी करून वारा घालू लागला. लाइट आल्यावर खेळ मोडला आणि दप्तर पुन्हा जमिनीवर पडलं. पण मुलगा कसा असावा, आई कशी असावी, याचा नकाशा त्याच्याकडे तयार आहे आणि तो त्यावर चालून बघतो आहे, हे त्या अंधारातल्या अर्ध्या तासात मला दिसलं.

झोपण्यापूर्वीचा त्याचा उद्योग म्हणजे निवडणं. दिवसभरात ऐकलेलं सगळं तो माझ्यापुढे मांडतो आणि दोन ढीग करतो. खरं आणि गोष्टीतलं. विमान खरं. राक्षस गोष्टीतला. देवमासा खरा. हे ऐकून त्याला जरा वाईट वाटलं होतं, कारण तो त्याला गोष्टीतला म्हणून हवा होता. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड झालेल्या आणि भोपळ्यात बसून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट मराठी घरातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येते, तशी त्याच्याही आली. मग निवड सुरू झाली.

"वाघ खरा?"

खरा. चांदोलीचं जंगल आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, शिराळ्याकडे. चांदोली आणि कोयना मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ तिथे फार थोडे, सहजी दिसत नाहीत, हेही मी सांगितलं.

"तिकडून रेल्वे आहे का?"

"नाही."

"मग बरंय." वाघ खऱ्याच्या ढिगात गेला.

"भोपळा खरा?" खरा. भाजीवालीकडे असतो. "एवढा मोठा?" हात ताणून त्यानं माप दाखवलं. मी म्हटलं, त्याहून मोठाही असतो, मी बघितलाय. "म्हातारी?" म्हातारी गोष्टीतली, मी म्हटलं. तो बराच वेळ छताकडे बघत पडून राहिला. मग कुशीवर वळून म्हणाला, "वाघ खरा. भोपळा खरा. मग भोपळ्यात कोण आहे?"

मिरजेतल्या आईला या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. सासूबाईंचा भजनातला तंबोरा जवारीला, म्हणजे आवाज नीट करून घ्यायला, टाकलेला होता. तो आणायला मी त्याला बरोबर घेऊन सतारमेकर गल्लीत गेले.

मिरजेची ही वाद्यं दूरदूरच्या गवयांकडे जातात. ती घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी आणि शस्त्रं बनवणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात संस्थानी आश्रयाखाली ती सतार-तंबोऱ्याकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव या कामाच्या सुरुवातीशी जोडलं जातं. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, त्यामुळे कारागीर आणि गवई यांचं इथे रोजचं बोलणं होतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे सगळं माझ्यासाठी. लेकाला दुकानाच्या दारातून दिसलं ते एकच. छताला, भिंतीला, माळ्यावर, कोपऱ्यात रचून ठेवलेले, लहान-मोठे, पिवळट-तपकिरी, वाळलेले भोपळे. त्यातले काही त्याच्यापेक्षा रुंद होते.

तो दारातच थांबला. मग बोट दाखवत, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "यातल्या कुठल्यात?"

दुकानातले कारागीर चाचा खाली बसून घोडी घासत होते. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा उतार केसभर इकडेतिकडे झाला तरी आवाज मिटतो, म्हणून कानस लावायची, तार ताणायची, ऐकायचं, पुन्हा कानस. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी गोष्टीचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठले, रचलेल्यातला एक भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि लेकाच्या कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं.

"बांगड्या!" लेक ओरडला.

मला वाटलं, आता ते सांगणार, की बिया आहेत. चाचांनी स्वतःचाही कान भोपळ्याला लावला. बोटाच्या पेरानं एकदा वर, एकदा खाली टकटक केलं आणि म्हणाले, "व्हय, वाजत्यात खऱ्या. पण ह्यो अजून कच्चा हाय. नीट वाळला न्हाई. बोलत न्हाई चांगला." मग दुसरा उचलला, त्यावर टकटक केलं, आणि लेकालाही करायला लावलं. "ऐक. ह्यो कसा बोलतोय?" लेकानं डोळे मिटून ऐकलं. "हा मोठ्यानं बोलतोय."

त्यांचं ऐकणं धंद्याचं होतं आणि याचं ऐकणं गोष्टीचं. पण दोघांची मान एकाच बाजूला कललेली होती, दोघांची बोटं एकाच जागी टकटक करत होती. माझं लेकरू आणि सत्तरीचा कारागीर एकाच गोष्टीचा शोध घेत असलेले मी पहिल्यांदा बघितले.

हे भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, भीमेच्या काठच्या शेतांतून येतात, असं चाचांनी सांगितलं. भाजीचे नाहीत, चवीला कडू, साल जाड. वेलावरच मोठे होऊ द्यायचे, मग महिनोन्‌महिने वाळवायचे. कापून झाले की पाण्यात भिजवून मऊ करून त्यांना आकार द्यायचा, त्यावर लाकडाची तबली बसवायची, दांडी जोडायची. बोलता बोलता त्यांनी एक भोपळा कापायला घेतला. लेक घाबरला. "ती पडेल ना."

"मग आधी इचारू की," चाचा म्हणाले. "मार हाक."

लेकानं भोपळ्यावर टिचकी मारली. "आजी, वाघ गेलाय. बाहेर या." आम्ही तिघंही थांबलो. आतून उत्तर आलं नाही. चाचांनी करवत लावली.

झाकणासारखा तुकडा निघाला. आत वाळलेल्या दोऱ्यांचा गुंता आणि बिया. चाचांनी हात घालून ते सगळं काढलं, भोपळा पालथा करून झटकला आणि लेकापुढे धरला. त्यानं आत डोकं घातलं. मला धस्स झालं, कारण खऱ्याच्या आणि गोष्टीच्या ढिगांमधली भिंत अशी करवतीनं उघडली जाईल, हे मी धरलं नव्हतं. तो डोकं काढेपर्यंत मी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

त्यानं डोकं बाहेर काढलं तेव्हा तोंडभर हसत होता. "ती घरी पोचली! म्हणून रिकामा आहे."

गोष्टीचा शेवट तर तोच आहे. म्हातारी सुखरूप घरी पोचते. मग भोपळा रिकामाच असणार. बिया बघूनही त्याची गोष्ट मोडली नाही, आणि गोष्टीपायी त्यानं बिया नाकारल्याही नाहीत; मूठभर मागून खिशात घातल्या. "आता यात कोण राहणार?" त्यानं विचारलं. चाचांनी भिंतीचा एक तयार तंबोरा उतरवला, मांडीवर घेतला, घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला. धागा नेमक्या जागी येईपर्यंत तार नुसती वाजत होती, आणि जागेवर येताच आवाज एकदम उमलला, भरून आला. लेकानं दोन्ही तळवे भोपळ्यावर ठेवले आणि मग गालही टेकवला. चारही तारा छेडून होईपर्यंत तो हलला नाही.

"गुदगुल्या होतात," तो म्हणाला. "आत सगळे आहेत."

घरी येताना मी त्याला तलवारी बनवणाऱ्या शिकलगारांची हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी जंक्शनवर लढाई झाली. झेंड्याच्या काठीची तलवार होती, पण ती कुणाला लागली की जखम होत नव्हती, सूर निघत होता. शत्रूला जिथे तलवार लागेल तिथे तो गाऊ लागायचा, आणि गाणारा शत्रू लढू शकत नाही असा नियम होता. हा नियम त्यानं कुठून आणला, याचं उत्तर मला ठाऊक होतं. तो आदल्या दिवशीच्या गल्लीतून आला होता.

वायगॉट्स्कींनी १९३० साली लहान मुलांच्या कल्पनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी लोकांच्या समजुतीच्या नेमकं उलट म्हटलंय. मुलांची कल्पना मोठ्यांपेक्षा समृद्ध नसते, कारण कल्पना अनुभवातून घडते आणि मुलांचा अनुभव थोडा असतो. म्हणून कल्पना वाढवायची तर अनुभव वाढवा. हे वाचून आधी मी हिरमुसले होते. आता मला ते फार मोठं आश्वासन वाटतं. माझ्या लेकाला पंख फुटलेला घोडा आणून देणं माझ्या हातात नाही, पण पुलावर उभं राहून रिकामी वाघीण आणि भरलेली वाघीण ऐकवणं आहे. हळदीच्या पेठेत नेऊन पोत्यांचा वास देणं आहे. त्याचं पुढे काय करायचं, हे तो बघेल.

मारिया माँटेसरींना लहान मुलांना परीकथा सांगणं मान्य नव्हतं. सहा वर्षांपर्यंत मुलाला खरं जग द्यावं, कल्पना त्यावर उभी राहू द्यावी, असं त्यांचं मत. १९३९ साली त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या, पण त्यांचा विचार त्याआधीच इकडे पोचला होता. गिजुभाई बधेकांनी १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू केलं ते याच विचारानं. पण गिजुभाईंनी गोष्टी सोडल्या नाहीत. उलट त्यांच्याकडे गोष्ट हे शिकवण्याचं मुख्य साधन झालं, त्यांनी गोष्टी सांगण्याचं शास्त्र लिहिलं, आणि गुजरातेतली मुलं त्यांना मिशीवाली आई म्हणत. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून घडल्या. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला, मग १९५७नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या पाड्यांत काम करू लागल्या. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी दगडगोटे, शिंपले, बिया, पानं हाती घेतली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. या दोघींचं काम वाचताना मला कळतं, की खरं जग की गोष्ट, हे भांडण त्यांनी अंगणात बसून मिटवलं होतं. शिंपला हातात द्यायचा आणि गोष्टही सांगायची. माझा कौल त्यांच्या बाजूनं आहे.

शाळेतल्या बाईंना मी भेटले. पाण्याच्या गाडीची बातमी आमच्या वाचनालयातल्या जुन्या अंकांत होती, तिची प्रत घेऊन गेले. त्यांनी ती वाचली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचूनही दाखवली. मुलांनी म्हणे पट्ट्यांच्या वाघिणींची चित्रं काढली. लेकाला याचा आनंद झाला, पण एक तक्रार होती: एका मुलानं वाघिणीला खिडकी काढली. "पाण्याला खिडकी कशाला? सगळं सांडेल ना."

सध्या आमच्याकडे लातूरला जायची तयारी चालू आहे. कोल्हापूरहून नागपूरला जाणारी एक गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला जाते, साधारण त्याच वाटेनं, जिथून बार्शी लाइट जायची आणि नंतर पाणी गेलं. सासऱ्यांना ती वाट पुन्हा एकदा बघायची होती आणि नातवाला लातूर. "लातूरला अजून तहान लागते का?" असं त्यानं विचारलं होतं. आजोबांनी सांगितलं, पाऊस झाला की मांजरा धरण भरतं, तेव्हा लागत नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा लागते. म्हणून त्यानं एक बाटली कृष्णेच्या पाण्यानं भरून घ्यायचं ठरवलं आहे. प्रवासात प्यायच्या पाण्याची बाटली निराळी. या बाटलीला कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं सगळ्यांना बजावलं आहे. आधी ती गरम पाण्यानं धुतली. आजोबांनी तिच्यावर वाघिणीसारखा नंबर लिहून दिला, त्याच्या खाली यानं खडूनं चार काळे पट्टे ओढले. आता लातूरच्या स्टेशनवर ती कुणाच्या हातात द्यायची, यावर दोघांचा वाद चालला आहे. आजोबा म्हणतात, स्टेशनमास्तरांच्या. लेक म्हणतो, आधी तिथल्या एखाद्या मुलाला विचारू, तहान कुणाला लागलीय ते.